तिसरा आग्रह

मिरजेच्या माणसाला एखादी गोष्ट एकदाच विचारली, तर ती विचारली असं तिकडे कुणी धरत नाही. पहिलं ‘नको’ हे नुसतं तोंड उघडायला म्हणून असतं. दुसरं ‘नको’ म्हणताना माणूस सावरून बसतो. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की ‘आता इतकं म्हणताच आहात तर’ असं पुटपुटत ताट पुढे करायचं. प्रतिमाचा सगळा जन्म या रीतीत गेला होता. लग्नानंतर पहिल्याच सणाला तिने बासुंदीला दोनदा नको म्हटलं आणि वाढणारी नणंद सरळ पुढच्या पानाकडे गेली, ते तिला पन्नाशीच्या उंबरठ्यावरही आठवत होतं. बासुंदी तिला खूप आवडायची. पण मागून कोण घेणार?

अशी ही बाई आयुष्यात एकदा एका गोष्टीसाठी हटून बसली होती, आणि तेसुद्धा मनातल्या मनात.

डोळ्यांचं तिला गेल्या श्रावणात कळलं. त्याआधी घरात तिचं नाव ‘वेंधळी’ असं पडलेलंच होतं. स्टुलाला अडखळ, दाराच्या चौकटीवर खांदा आपट, नाकासमोर ठेवलेला चहाचा कप लवंडून टाक. तिचा नवरा सुहास बँकेत अधिकारी होता आणि पाहुणे आले की मोठ्या हौसेने तिच्या वेंधळेपणाची नक्कल करून दाखवायचा. तीही हसायची. मग एका दुपारी भाजी आणायला जाते असं सांगून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, कानाशी बोटं नाचवून बघितली आणि विचारलं, की घरात आणखी कुणाला संध्याकाळचं दिसत नव्हतं का.

तेव्हा तिला एकदम आप्पा आठवले. तिचे वडील. लहानपणी संध्याकाळी देवळातून परत येताना ते तिचा हात घट्ट धरायचे, आणि धाकटा अरविंद मागून तोंड फुगवून चालायचा, की आप्पा ताईचाच हात धरतात. आपण लाडक्या म्हणून ते हात धरतात, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं. डॉक्टरांच्या खोलीत तिला कळलं, की आप्पांना दिसत नव्हतं, आणि त्यांनीही मरेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडून जात चालली आहे. मध्ये एक वाटोळं उरलंय, तेही आवळत जाईल. याला औषध नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसणार, जवळचं सगळं तुकड्यातुकड्याने. मग जरा धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, की बाई, जितक्या लांबून बघाल तितकं त्या वाटोळ्यात जास्त मावेल.

हे शेवटचं वाक्य तिने घरी आणलं आणि जपून ठेवलं. जेवणाच्या टेबलावर समोर बसलेल्या लेकीचा, निधीचा, चेहरासुद्धा आता तिला एका नजरेत दिसत नसे. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी, असं वाटणी केल्यासारखं बघावं लागे. पण खूप लांब गेलं तर? खूप उंच गेलं तर? खालची सगळी जमीन, वरचं आभाळ आणि मधला उगवता सूर्य, सगळं एकदम मावेल? एकदाच बघायचं होतं तिला, अख्खं. मग झाकले डोळे तरी चाललं असतं.

सुहासला तिने सांगितलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे आठवड्याभरात मिरजेत सगळ्यांना सांगितल्यासारखं, आणि निधीचं लग्न व्हायचं होतं. आजोबांना होतं, आईला आहे, असलं दुखणं घराण्यात आहे म्हटल्यावर कोण पोरगी करून घेतं? दिवाळीत एकदा मुद्दाम माजघरातला दिवा घालवून तिने निधीला कोनाड्यातली काडेपेटी आणायला सांगितली होती. निधीने ती न अडखळता आणून दिली. त्या दिवशी प्रतिमाला पोटभर जेवण गेलं. रात्री मात्र आठवलं, की आप्पांचंही पस्तिशीपर्यंत ठीकच होतं.

त्यानंतर कधीतरी वर्तमानपत्रात तिने तो फोटो बघितला. बंगळूरच्या आभाळात गरम हवेचा भला मोठा फुगा, खाली वेताची टोपली आणि टोपलीत माणसं. तिने अरविंदला फोन लावला. तो बंगळूरला विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, वीस वर्षं तिकडचाच झालेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, की तुमच्याकडे ते फुगे उडवतात म्हणे, कधी बघायला मिळेल का? बसायला मिळेल का, असं ती म्हणाली नाही. तसं म्हणायची सवयच नव्हती. पण अरविंद बहिणीला ओळखून होता. फुगा उडवणारे कॅप्टन फत्तेसिंग त्याच्या माहितीतले निघाले. मे महिन्यात सुहासला बँकेकडून प्रवासखर्चाची एलटीसी मिळाली, तेव्हा म्हैसूर, बेलूर बघून झाल्यावर परतीच्या गाडीच्या दिवशी पहाटेच फुग्यात बसायचं, असं अरविंदने ठरवून टाकलं. सुहास आणि प्रतिमा आतिथ्याचे मानकरी, आणि सोबतीला अरविंदची बायको संध्या. अरविंद स्वतः गाडी घेऊन खालून मागोमाग येणार, कारण फुगा वारा नेईल तिकडे उतरतो.

सुहासला वाटलं, ही अरविंदची हौस. प्रतिमाने त्याला तसं वाटू दिलं.

तर ते पहाटे अरविंदच्या फियाटमधून मल्लेश्वरमहून निघून जक्कूरच्या मैदानावर पोचले, तेव्हा उजाडायचं होतं. इतरांना धूसर का होईना दिसत होतं. प्रतिमाला काहीच दिसत नव्हतं. ती सुहासच्या कोपराला धरून ओल्या गवतातून चालत होती, आणि तो हळूच म्हणत होता, की अगं, सोड की, लोक बघतायत, नवीन लग्न झाल्यासारखी काय चिकटतेस. तिने सोडलं नाही. त्याच्या चिडण्यापेक्षा खड्ड्यात पडायची तिला जास्त काळजी होती.

मग फुग्यात हवा भरायला लागले. कॅप्टनने बर्नर सोडला की घरघरत जाळ वर जायचा, तेवढ्यापुरतं तिच्या वाटोळ्यात नारिंगी कापड उजळायचं, नाहीतर एखाद्या माणसाचं मुंडासं, नाहीतर दोरीवरचे दोन हात. जाळ थांबला की पुन्हा सगळं काळं. तिला लहान मुलीसारखा आनंद झाला होता. तिने पदर कमरेला खोचला, केसांना रुमाल बांधला. संध्या म्हणाली, अक्का, तुम्ही तर एकदम तयार. संध्याचं माहेर बंगळूरचंच, मराठीत अर्धं कानडी, मन मोकळं. तिला आग्रह करता यायचा, पण मिरजेइतका जीव त्यात नसायचा.

फुगा उभा राहिला, आणि तेव्हा कॅप्टन फत्तेसिंग टोपलीतून वाकून म्हणाले, की माफ करा, आज रात्रभर उकाडा होता. बाहेरची हवा थंड नसली की फुगा वजन उचलत नाही. तिघं नाही, दोघंच. आणि लवकर ठरवा, ऊन चढलं की वारा बिघडतो.

झालं, आता आपल्या माणसांना जे उत्तम जमतं ते सुरू झालं. सुहास म्हणाला, वहिनी, तुम्ही आणि प्रतिमा जा, मी अरविंदबरोबर गाडीत बसतो. संध्या म्हणाली, छे, भावोजी, तुम्ही पाहुणे, तुम्ही दोघं जा. आणि प्रतिमाच्या तोंडून, तिला कळायच्या आत, जन्मभराच्या सवयीने निघून गेलं, की तुम्ही दोघं जा, मी राहते खाली.

बोलल्याबरोबर तिला काय बोलून बसलो ते कळलं. पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. हे पहिलंच होतं. संध्या लगेच म्हणाली, असं कसं अक्का, तुम्ही जा, मी काय इथलीच. प्रतिमा म्हणाली, नको गं, तूच जा. हे दुसरं. आता एकदाच कुणी विचारायचं होतं. कुणीही. सुहासने, संध्याने, त्या परक्या कॅप्टनने. ‘बरं बाई’ हे शब्द तिच्या जिभेवर येऊन बसले होते. तिने चपलेचा अंगठा घट्ट केला आणि पाय उचलायच्या तयारीने उभी राहिली.

तेवढ्यात बर्नर सुटला. मोठा, लांबलचक जाळ. कानांत दुसरं काही शिरेना. डोळ्यांपुढे नुसता उजेड भरला आणि तो गेल्यावर आधीपेक्षा दाट अंधार. ती ऐकायला उभी राहिली. पण आवाज आला तो डोक्याच्याही वरून, सुहासचा, की अरविंद, मागोमाग ये रे. पाठोपाठ संध्याचं हसू. दोरी धरणाऱ्या मल्लाप्पा नावाच्या माणसाने तिला दंडाला धरून मागे घेतलं. “अक्का, स्वल्प हिंदे बन्नी,” तो म्हणाला. टोपली तिच्या समोरून वर गेली, आणि तिला ती जाताना दिसलीसुद्धा नाही.

दोनदा म्हटलं होतं तिने. दोनदाच.

थोडं उजाडलं तेव्हा अरविंदने बोट दाखवलं. आधी तिला आभाळात नारिंगी कापडाचा एक तुकडा दिसला. तो लहान होत गेला, त्याची एक कड वाटोळ्यात आली, मग दुसरी, मग खालची टोपली, आणि एका क्षणी सगळा फुगा, टोपलीसकट, टोपलीतल्या ठिपक्याएवढ्या माणसांसकट, तिच्या नजरेत अख्खा मावला. कित्येक महिन्यांत तिने कोणतीही गोष्ट अशी पुरी बघितली नव्हती. डॉक्टर खरं बोलले होते. लांबून सगळं मावतं. वरून तर सगळं बंगळूर मावलं असतं. तिला रडूच आलं. डोळे पुसायला मान खाली घातली आणि परत वर केली, तर फुगा सापडेना. कुठे शोधायचा? आभाळ एवढं मोठं, आणि तिच्याजवळ त्यातलं ताटलीएवढं. ती अंदाजाने हात हलवत राहिली.

“ताई, तिकडे काय हात करतेस?” अरविंद हसत म्हणाला. “तो बघ, इकडे.”

निलगिरीच्या झाडांमागून सूर्य वर आला. तिला त्याची लाल चकती दिसली, तेवढीच. आजूबाजूला रंग असणार हे तिने धरून चालायचं.

गाडीत बसल्यावर तिचा राग उसळून आला. मघाशी नुसतं रडू येत होतं, आता तिला एकेकाचं नाव घेऊन शिव्या द्याव्याशा वाटल्या. संध्याचं एक सोडा, पण सुहास? इतकी वर्षं हिच्या हातचं जेवून त्याला दोनदाच्या ‘नको’चा अर्थ कळू नये? स्वतःला साधा श्रीखंडाचा चमचा वाढून घ्यायचा, तर चारचौघांत पाच वेळा नाही म्हणणारा माणूस! आज कसा टुणकन उडी मारून बसला. रागाने तिला जरा बरं वाटलं. निदान कुणाला तरी दोष देता येत होता.

गाडी द्राक्षांच्या मळ्यांमधल्या मातीच्या रस्त्याने चालली होती. फुग्यावर एक डोळा ठेवून अरविंद बोलत होता. निधीसाठी त्याने इथलंच एक स्थळ बघितलं होतं. शंतनु नावाचा पुण्याचा मुलगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, भाड्याचा फ्लॅट, स्वभाव शांत. त्याच्या आईने निधीचा फोटो ठेवून घेतला होता आणि आपला पत्ता दिला होता, तो अरविंदच्या खिशातच होता. तिने एवढंच विचारलं होतं, की घराण्यात काही दुखणंबिखणं नाही ना. अरविंदने छातीठोक सांगितलं होतं, की आमच्याकडे सगळे ठणठणीत.

“बरोबर सांगितलं ना, ताई?” त्याने विचारलं.

प्रतिमाने तोंड उघडलं. या एका माणसाला सांगता आलं असतं. आप्पांनी धरलेला तिचा हात हा लहानपणी मागून बघत होता. पण आता सांगायचं, तर तो त्या बाईशी खोटं बोलला असं होत होतं, आणि मग निधीचं काय? “बरोबरच आहे,” ती म्हणाली. अरविंदने गिअर बदलला आणि शंतनुच्या पगारावर बोलायला लागला.

फुगा एका नांगरलेल्या शेतात उतरला. भोवती गावातली माणसं गोळा झाली होती. सुहास टोपलीतून उतरून दोन्ही हात पसरून आला, आणि जो सुरू झाला तो गाडीत बसेपर्यंत थांबला नाही. काय सूर्य, काय ते तळ्यांवर पडलेलं ऊन, रस्ते कसे, माणसं केवढीशी, आणि वर काय शांतता. सगळं एकदम दिसतं, तो म्हणाला. मान वळवायलासुद्धा नको. प्रतिमा मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

परतताना नाश्त्याला थांबले. उभ्याने खायची उडप्याची दर्शिनी, छातीएवढ्या उंचीची गोल टेबलं, गल्ल्यावर उदबत्ती. अरविंदने कॉफी आणली, संध्याने इडल्यांच्या ताटल्या. प्रतिमाने दोन इडल्या खाल्ल्या आणि हात थांबवला.

“अक्का, आणखी एक घ्या की,” संध्या म्हणाली.

“नको गं.”

“घ्या, स्वल्प. मऊ आहे.”

“नको, खरंच.”

“असं काय करता? गाडीत दिवसभर काही मिळायचं नाही,” असं म्हणत संध्याने स्वतःच्या ताटलीतली इडली उचलून तिच्या ताटलीत ठेवलीसुद्धा.

प्रतिमा त्या इडलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “इडलीला तीनदा विचारलंस.”

कुणाला काही कळलं नाही.

“इडलीला तीनदा विचारलंस,” ती पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “आणि मघाशी मला कुणाला एकदा जास्त विचारावंसं वाटलं नाही. दोनदा नको म्हटलं, की लगेच गेलात सगळे. एवढी जड झाले होते मी?”

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. सुहासने कॉफीचा पेला खाली ठेवला. तो चिडला नव्हता, गोंधळला होता.

“अगं, असं काय बोलतेस?” तो म्हणाला. “तो कॅप्टन हात पुढे करून उभा होता की तुझ्यासमोर. जाळाच्या आवाजात बोलता येईना, म्हणून त्याने हातच पुढे केला. किती वेळ! संध्यावहिनींना मी खुणावलंही, थांबा, ती धरेल हात. तू आपली समोर बघत उभी. शेवटी त्याने हात मागे घेतला.”

“हो, अक्का,” संध्या हळूच म्हणाली. “आम्हाला वाटलं, जाळ बघून घाबरलात तुम्ही.”

म्हणजे विचारलं होतं. तिसऱ्यांदाही विचारलं होतं, रीतसर, तिच्या तोंडासमोर. कुणाचं काही चुकलं नव्हतं. हात होता आणि तिला तो दिसला नव्हता. सकाळपासून ज्या रागाला धरून ती उभी होती, तो राग असा निघून गेला, आणि आता टेकायला काहीच उरलं नाही. असे किती हात आले असतील आणि गेले असतील, हे तिला आता कधी कळणार नव्हतं. पुढे तर हात करणारे करणं सोडून देतील, आणि तेही हिला कळणार नाही.

“प्रतिमा,” सुहासने विचारलं. त्याच्या आवाजात एरवीची चेष्टा नव्हती. “तुला तो हात दिसला नाही का?”

अरविंद पेला ओठाशी धरून थांबला होता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याला काहीतरी आठवत असावं, असं तिला वाटलं. एक शब्द पुरेसा होता. पण त्याच्या सदऱ्याच्या खिशात शंतनुच्या आईचा पत्ता होता, आणि प्रतिमाला मिरजेत राहिलेल्या निधीचं कपाळ डोळ्यांपुढे दिसलं, मग नाक, मग हनुवटी.

“दिसला की,” ती म्हणाली. “भीती वाटली मला. उंचीची.”

सुहास सुटल्यासारखा हसला. म्हणाला, मला वाटलंच होतं, ही घरातल्या स्टुलावर चढायला घाबरते, फुग्यात काय बसते! मिरजेला गेल्यावर सांगायला त्याला गोष्ट मिळाली होती, आणि ती तो पुढे वर्षानुवर्षं सांगणार होता, नकलेसकट. अरविंदने कॉफी संपवली. पेला ठेवताना त्याने बहिणीकडे पुन्हा बघितलं नाही.

प्रतिमाने ताटलीची कड चाचपली, बोटांनी इडली शोधली आणि खायला लागली. चटणी हवी का, असं संध्याने विचारलं. प्रतिमा पहिल्याच वेळी हो म्हणाली.